चौकट, शिरोरेखा आणि खाकरणं: टिक असलेल्या मुलाच्या मंत्रचळावरचे उपचार

हे प्रकरण शिकवण्यासाठी रचलेलं आहे. यातला मुलगा कोणी एक नाही. टिक (आपोआप, पुन्हा पुन्हा होणारी झटक्याची हालचाल किंवा आवाज) आणि मंत्रचळ म्हणजे ओसीडी (नको ते विचार किंवा अपुरेपणा आणि त्यापायी परत परत कराव्या लागणाऱ्या कृती) असं दोन्ही असलेल्या मुलांमध्ये जे पुन्हा पुन्हा आढळतं, ते त्याच्यात एकत्र आणलं आहे. औषधांच्या मात्रा नेहमीच्या उपचारातल्या आहेत. त्या डॉक्टरांशी बोलताना उपयोगी पडाव्यात म्हणून दिल्या आहेत, घरच्या घरी ठरवण्यासाठी नव्हेत.

येताना काय होतं

मुलगा १३ वर्षांचा, आठवीतला, सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचा. वडिलांचं खतं-बियाण्यांचं दुकान. घरात आई, आजी आणि धाकटी बहीण. सहाव्या वर्षी डोळे मिचकावणं सुरू झालं तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं, थेंब मिळाले. आठव्या वर्षी खाकरणं सुरू झालं, मग ॲलर्जीच्या गोळ्या आणि कफाची औषधं झाली. उजवा खांदा उडू लागला तेव्हा घरात 'चाळे' हा शब्द कायमचा मुक्कामाला आला. हे सगळं मधूनच कमी व्हायचं, मधूनच वाढायचं. त्यामुळे प्रत्येक वेळी जे औषध चालू असेल त्याला श्रेय मिळालं.

अकराव्या वर्षापासून वेगळंच काही दिसू लागलं. खोलीत शिरताना दाराच्या चौकटीला हात लावायचा, आधी उजवा, मग डावा, आणि दोन्ही हातांना 'सारखं' वाटेपर्यंत परत परत. वहीत शब्द लिहिला की त्यावरची शिरोरेखा गिरवत बसायचा. डावं टोक आणि उजवं टोक सारखं भरलं असं वाटलं पाहिजे. मराठीच्या वहीत कित्येक ठिकाणी कागद फाटलेला होता. इंग्रजीच्या वहीत असं काही नव्हतं, आणि शिक्षकांनी त्याचा अर्थ 'मराठीचा कंटाळा' असा लावला होता. वडील गाडी घेऊन निघाले की उंबऱ्याला चार वेळा पाय लावायचा, नाहीतर त्यांना अपघात होईल. आणि दिवसभर आईला विचारणं, "आई, बरोबर ना?" आईने "हो बाळा, बरोबर" ठराविक सुरात म्हणायचं. सूर चुकला की पुन्हा. या सगळ्यात रोजचे तीन तास जात होते.

आधीच्या डॉक्टरांनी सर्ट्रालिन, म्हणजे मंत्रचळावरचं एसएसआरआय गटातलं औषध, १०० मिग्रॅपर्यंत नेलं होतं. दहा आठवड्यांत फरक नाही म्हणून रिस्पेरिडोन हे मेंदूतलं डोपामिन अडवणारं, टिकवरही चालणारं औषध २ मिग्रॅ जोडलं. खांदा उडणं कमी झालं, चौकट होती तशीच राहिली. चार महिन्यांत वजन ४६ वरून ५२ किलो झालं आणि पहिल्या दोन तासिका झोपेत जाऊ लागल्या.

निदान पक्कं करताना

टुरेट सिंड्रोम म्हणायला एकाहून अधिक स्नायूंच्या टिक, निदान एक आवाजाची टिक, वर्षाहून अधिक काळ आणि १८ वर्षांच्या आत सुरुवात एवढं लागतं. इथे ते सरळ बसत होतं. शिव्या तोंडून निघणं हे टुरेटचं प्रसिद्ध लक्षण असलं तरी ते थोड्याच रुग्णांत असतं. त्याची वाट पाहत बसलं तर बहुतेक निदानं राहून जातात. ओसीडीबद्दल डीएसएम-५ ने, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकी पुस्तिकेने, २०१३ मध्ये 'टिकशी संबंधित' अशी वेगळी नोंद करायची सोय केली. ओसीडीच्या ३० टक्क्यांपर्यंत रुग्णांना आयुष्यात कधी ना कधी टिकचा त्रास झालेला असतो. मुलगे, लहान वयात सुरुवात, आणि भीतीपेक्षा 'नीट वाटलं नाही' ही भावना पुढे, असा या गटाचा चेहरा असतो.

आपल्याकडे एक गोष्ट आवर्जून पाहायची, ती म्हणजे संधिवाताच्या तापानंतर येणारा सिडनहॅम कोरिया. त्यातल्या हालचाली वाहत्या असतात, पुन्हा तशाच होत नाहीत, आणि काही सेकंदही आवरता येत नाहीत. संधिवाताच्या तापाने हृदयाच्या झडपाही बिघडू शकतात, म्हणून कोरियाची शंका आली तर हृदय तपासायला लागतं. इथे हालचाली ठरावीक होत्या, थोडा वेळ रोखता येत होत्या, आणि दुखणं वर्षानुवर्षं हळूहळू वाढलेलं होतं. रातोरात सुरू झालेलं नव्हतं. म्हणून एएसओ (घशाच्या जंतुसंसर्गाचा माग काढणारी रक्तचाचणी) आणि इतर चाचण्यांची रांग लावली नाही. तपासणीच्या खोलीत टिक दिसेलच असं नसतं, म्हणून वडिलांच्या मोबाइलवर जेवताना आणि अभ्यासाला बसल्यावरचे दोन-दोन मिनिटांचे व्हिडिओ मागवले.

सुरुवातीचे आकडे असे, जास्त म्हणजे त्रास जास्त. ओसीडीच्या सीवाय-बॉक्स मोजपट्टीवर ४० पैकी २७, येल टिक मोजपट्टीवर ५० पैकी २४ आणि टिकमुळे होणाऱ्या अडचणीचे आणखी ५० पैकी ३०. दोन्ही पट्ट्या वेगवेगळ्या ठेवण्यातच पुढचं सगळं होतं. एकच 'त्रास किती' विचारला असता तर रिस्पेरिडोनमुळे थोडी सुधारणा आहे असं उत्तर आलं असतं आणि तेच औषध वाढलं असतं.

एकच हात, तीन कारणं

या प्रकरणाचा खरा निर्णय कोणती गोळी हा नव्हता. कोणती कृती कशामुळे होते, हा होता. बाहेरून पाहणाऱ्याला चौकटीला हात लावणं, उंबऱ्याला पाय लावणं आणि खांदा उडवणं एकाच माळेचे मणी वाटतात. मुलाला प्रत्येक कृतीसाठी चार प्रश्न विचारले. करायच्या आधी काय होतं, आणि कुठे होतं? नाही केलं तर काय होईल? केल्यावर संपलं हे कसं कळतं? मोजतोस का?

खांद्याबद्दल उत्तर पटकन आलं. खांद्यात आधी ताण साठतो, उडवला की जातो, विचार काही नसतो. शिंक येण्याआधी नाकात होतं तसं. खाकरण्याचंही तेच, फक्त घशात. ही टिक.

उंबऱ्याचं उत्तर द्यायला त्याने वेळ घेतला आणि आईला बाहेर जायला सांगितलं. नाही केलं तर पप्पांना ट्रक उडवेल. शरीरात काही होत नाही, पोटात भीती येते. चार हा आकडा ठरलेला. हा सरळसरळ मंत्रचळ.

चौकट आणि शिरोरेखा यांची जागा मधली. "काही होणार नाही, पण एका हाताला जास्त झालं असं वाटतं." अपघाताचा विचार नाही, भीती नाही, पण खांद्यासारखा ताणही नाही. हातांना अपुरं वाटतं आणि ते पुरं होईपर्यंत पुढे जाता येत नाही. मोजणं नाही, 'सारखं' वाटणं हेच मोजमाप. टिक असलेल्या मुलांतला मंत्रचळ बहुधा याच जागी असतो, आणि उपचारही इथेच चुकतात. भीती शोधणारा थेरपिस्ट "नाही केलंस तर काय होईल?" हे इतक्यांदा विचारतो की मूल शेवटी काहीतरी भीती तयार करून देतं, आणि मग पुढची सगळी थेरपी त्या बनावट भीतीवर चालते. उलट बाजूने, हे सगळं टिकच आहे असं म्हणणारा डॉक्टर टिकचं औषध वाढवत राहतो.

गोळ्यांचा हिशेब

रिकाम्या पट्ट्या घेऊन यायला सांगितल्या. दहा आठवड्यांत ७० दिवसांच्या गोळ्या संपायला हव्या होत्या. जेमतेम निम्म्या संपलेल्या होत्या. 'डोक्याची गोळी' रोज देऊ नये, असं आजीचं म्हणणं होतं आणि आई एक दिवसाआड देत होती. म्हणजे सर्ट्रालिन अपयशी ठरलंच नव्हतं. त्याची परीक्षा झाली नव्हती. योग्य मात्रेत, रोज, १० ते १२ आठवडे दिल्याशिवाय ओसीडीत या गटातल्या औषधाबद्दल निकाल देता येत नाही.

तरी नुसत्या सर्ट्रालिनवर भिस्त ठेवली नाही, त्याला कारण आहे. मुलांच्या ओसीडीवरच्या, अमेरिकेतल्या २००४ च्या पॉट्स अभ्यासात ११२ मुलांवर सर्ट्रालिन, वर्तनोपचार, दोन्ही एकत्र आणि नुसती रिकामी गोळी यांची तुलना झाली. २००७ मध्ये त्यातली टिक असलेली मुलं वेगळी काढून पाहिली तेव्हा त्यांच्यात एकटं सर्ट्रालिन रिकाम्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. वर्तनोपचार आणि एकत्र उपचार मात्र टिक असो वा नसो, चालले. ती मुलं थोडी होती, त्यामुळे यावरून 'टिक असेल तर सर्ट्रालिन देऊच नका' असं म्हणणं धाडसाचं. नॉर्डिक देशांतल्या नंतरच्या अभ्यासात, वर्तनोपचाराने बरी न झालेल्या टिकवाल्या मुलांना तीच थेरपी पुढे चालू ठेवण्यापेक्षा सर्ट्रालिनचा जास्त फायदा झाला. व्यवहारात याचा अर्थ एवढाच की थेरपी आधी किंवा बरोबर हवी, गोळी एकटी नको.

रिस्पेरिडोनचं काय करायचं यावर मतभेद होऊ शकतात. मंत्रचळ पहिल्या औषधाला दाद देत नसेल आणि टिकही असतील, तर डोपामिन अडवणारं औषध जोडण्याला भक्कम आधार आहे. १९९४ च्या एका अभ्यासात फ्लुव्होक्सामिन या सर्ट्रालिनच्याच गटातल्या औषधाला हॅलोपेरिडॉल हे डोपामिन अडवणारं औषध जोडलं, तेव्हा ते मिळालेले टिक असलेले आठच्या आठ रुग्ण सुधारले होते. २००६ मध्ये अशा अभ्यासांची बेरीज करून पाहिली तेव्हा टिक असलेल्या साधारण दोन-तीन रुग्णांमागे एकाला जादा फायदा दिसला, टिक नसलेल्यांत सहामागे एकाला. पण हा आधार 'पहिलं औषध पुरेसं देऊन झालं' या अटीवरचा आहे. इथे ती अट पूर्ण झालेली नव्हती, सहा किलो वजन वाढलेलं होतं आणि मूल वर्गात झोपत होतं. म्हणून रिस्पेरिडोन दर दहा दिवसांनी अर्धा मिग्रॅ कमी करत बंद केलं. खाली आणताना टिक काही काळ उसळतील, हे घरच्यांना आधीच लिहून दिलं. उसळल्याही. लिहून दिलेलं नसतं तर चौथ्या आठवड्यात जुनी पट्टी पुन्हा उघडली गेली असती.

सर्ट्रालिन ५० मिग्रॅने पुन्हा सुरू केलं, आठवड्याने १००, सकाळी न्याहारीनंतर. आठवड्याच्या खणांची डबी आणली आणि ती भरायचं काम आजींकडे दिलं. विरोध तिथेच संपला. पहिल्या काही आठवड्यांत एकदम चिडचिड, जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा, झोप उडणं यांवर लक्ष ठेवायचं आणि दिसल्यास त्याच दिवशी फोन करायचा, हे आईवडील दोघांनाही सांगितलं. दवाखाना बंद असेल तर म्हणून टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ क्रमांक डबीवर चिकटवला.

थेरपी: कुठे रोखायचं, कुठे बदली द्यायची

पहिली दोन सत्रं समजावण्यात गेली. वडिलांना एकच नियम दिला, 'थांबव' म्हणायचं नाही. त्यांना स्वतःला लहानपणी डोळे मिचकावायची सवय होती, हे या सत्रात पहिल्यांदा बाहेर आलं, आणि त्यानंतर 'चाळे' हा शब्द घरात आपोआप कमी झाला.

उंबऱ्यासाठी नेहमीची ईआरपी, म्हणजे भीतीला सामोरं जायचं आणि कृती करायची नाही. सोपं आधी. वडील अंगणातच गाडी चालू करतात, मुलगा उंबऱ्याला तीनच वेळा पाय लावतो. मग दोनदा, मग मुळीच नाही. मग वडील दुकानापर्यंत जातात आणि पोचल्याचा फोन करत नाहीत. हे सगळं घरच्याच उंबऱ्यावर व्हायला हवं होतं, म्हणून ही सत्रं व्हिडिओ कॉलवर घेतली. मोबाइल बहिणीच्या हातात. तिसऱ्या आठवड्यात पाय थांबला, पण आई म्हणाली, "तो नुसता उभा राहतो." विचारल्यावर कळलं, पायाऐवजी मनात चार मोजत होता. ही पळवाट नेहमीची आहे आणि बाहेरून दिसत नाही, म्हणून दर आठवड्याला विचारावंच लागतं. तोडगा म्हणून निघताना 'आज काहीही होऊ शकतं' हे वाक्य मोठ्याने म्हणायचं ठरलं. हे वाक्य आजींना मुळीच पटलं नाही. त्यांच्याशी अर्धा तास बोलावं लागलं, आणि तो वेळ वाया गेला नाही.

चौकट आणि शिरोरेखेसाठी भीतीचा चढता जिना करून उपयोग नव्हता. इथे सामोरं जायचं ते अपुरेपणाला. चौकटीला फक्त उजवा हात लावायचा आणि आत यायचं. डाव्या हाताचं अपुरेपण ० ते १० मध्ये सांगायचं, पण ते उतरायची वाट पाहायची नाही. गृहपाठ उरकायचा, आकडा सोबत असू द्यायचा. भीती बहुधा सरावाने उतरते. 'नीट वाटलं नाही' ही भावना पुष्कळदा हळू उतरते, कधी सत्रभर सातवरच राहते. थेरपिस्टने आकडा उतरण्यालाच यश मानलं तर दोघंही हरतात. यश हे की आकडा सात असताना पुढची ओळ लिहिली गेली.

वहीसाठी काम फार बारीक होतं. शब्द लिहायचा, शिरोरेखा मुद्दाम एका बाजूला आखूड सोडायची, पान उलटायचं. 'वाहतूक' लिहून 'क' उघडा सोडायचा. रोज पाच ओळी, दहा मिनिटं, खोडरबर आणि व्हाइटनर दप्तरातून बाहेर. जेल पेन बदलून बॉलपेन दिलं, कारण जेलच्या शाईने ओला कागद गिरवल्यावर लवकर फाटतो आणि फाटलं की नवं पान, सुरुवात पुन्हा. पहिल्या आठवड्यात त्याने आखूड शिरोरेखाही प्रत्येक शब्दाला 'सारखीच आखूड' सोडली. हे हसण्यासारखं वाटतं, पण तो मंत्रचळच होता, नव्या कपड्यांत. मग आखूडपणा बहिणीने फासा टाकून ठरवायचा, असं केलं.

टिकसाठी सवय-उलट प्रशिक्षण, म्हणजे टिकची ऊर्मी आली की तिच्या जागी ठरलेली दुसरी कृती करायची. ही पद्धत १९७३ ची. २०१० मध्ये १२६ मुलांवरच्या अमेरिकी अभ्यासात, तिच्यावर आधारलेल्या दहा आठवड्यांच्या उपचाराने निम्म्याहून थोडी अधिक मुलं सुधारली, नुसत्या समुपदेशनाने पाचातलं एक. आठव्या आठवड्यापासून फक्त खाकरण्यावर काम घेतलं, कारण वर्गात त्याचाच त्रास होता. घशात ऊर्मी आली की तोंड मिटून नाकाने संथ श्वास, ऊर्मी ओसरेपर्यंत किंवा निदान एक मिनिट. खांद्यासाठी पुढे कोपर बरगडीला टेकवून खांदा खाली ठेवणं. डोळे मिचकावण्यावर काम केलं नाही, त्याचा त्याला त्रासच नव्हता.

दोन्ही पद्धती एका मुलावर चालवताना एक गोष्ट सांभाळावी लागते. टिकला बदली कृती देतात, मंत्रचळाला देत नाहीत. मंत्रचळाला दिलेली बदली कृती बघता बघता नवा विधी होते. इथे टिकची बदलीही निसटली. दोन आठवड्यांत तो उजवं कोपर टेकवल्यावर डावंही टेकवू लागला. विचारलं, तर "नाहीतर एकच बाजू होते." लगेच बदली बदलली, दोन्ही हात एकमेकांत गुंफून मांडीवर. दोन्ही बाजू आधीच सारख्या, जोडायला काही उरलं नाही.

आणखी एक नियम पहिल्या दिवशीच ठरवला. ईआरपीच्या वेळी टिक आल्या तर येऊ द्यायच्या, मोजायच्या नाहीत, आवरायच्या नाहीत. दोन गोष्टी एकाच वेळी आवरायला लावल्या की मूल दमतं आणि थेरपीलाच नाही म्हणतं. बक्षिसाचे गुण सरावाला, टिक न येण्याला कधीच नाही.

आईच्या "हो बाळा, बरोबर"चा डोसही उतरवला. आधी कितीही वेळा, मग दिवसाला दहा, मग तीन, मग ठरलेलं उत्तर, "हा मंत्रचळाचा प्रश्न आहे, माझ्याकडे उत्तर नाही." सूर कोणताही. हे एकदम तोडलं असतं तर संध्याकाळचं जेवण रोज रडून झालं असतं.

शाळेला अर्ध्या पानाचं पत्र. भिंतीकडेच्या बाकावर जागा, न विचारता पाच मिनिटं बाहेर जायची मुभा, खाकरल्यावर नाव न घेणं, फाटकं पान पुन्हा लिहायला न लावणं, चाचणीत जादा वेळ. मुख्याध्यापिकांनी यातलं शेवटचं सोडून सगळं लगेच मान्य केलं.

मध्ये काय बिघडलं

सहाव्या आठवड्यात सर्ट्रालिन १५० केलं. आठ दिवसांत पाय सतत हलू लागले, झोप एक वाजेपर्यंत नाही, बसवेना. वडिलांनी टिक वाढल्या म्हणून फोन केला. टिक एका जागी, झटक्यात येते आणि जाते. ही अख्ख्या अंगाची, सलग, चालायला लावणारी बेचैनी होती, औषधाची. मात्रा १०० वर आणली, दहा दिवसांत शांत झालं, मग २५ ची एक गोळी जोडून १२५ वर स्थिर केलं. ती बेचैनी टिक समजून तेव्हाच टिकचं औषध जोडलं असतं तर बेचैनी वाढण्याची शक्यताच जास्त होती.

सोळाव्या आठवड्यात सीवाय-बॉक्स १८. उंबरा संपला होता, शिरोरेखा निम्म्यावर होती, चौकट अडली होती. आता सर्ट्रालिन पुरेशा मात्रेत पुरेसे दिवस झालं होतं, थेरपी चालू होती, टिक होत्या. आता जोड देण्याची अट पूर्ण झाली. वजनाचा इतिहास पाहून रिस्पेरिडोनऐवजी ॲरिपिप्राझोल, डोपामिनवरच काम करणारं दुसरं औषध, २ मिग्रॅ, दोन आठवड्यांनी ४. सुरू करण्यापूर्वी वजन, कमरेचा घेर, रक्तदाब, उपाशीपोटीची साखर आणि चरबीची तपासणी. दर महिन्याला वजन आणि 'पाय स्वस्थ बसतात का' हा प्रश्न. सोबत सर्ट्रालिनऐवजी त्याच गटातलं फ्लुओक्सेटिन किंवा पॅरोक्सेटिन असतं तर ॲरिपिप्राझोल साधारण निम्म्या मात्रेत ठेवावं लागलं असतं, कारण ती दोन्ही यकृतातला त्याचा निचरा रोखतात. टिकवरच्या पिमोझाइड या जुन्या औषधाचा पर्याय तर सर्ट्रालिनबरोबर बादच, हृदयाच्या ठोक्यांना धोका.

अठ्ठाविसाव्या आठवड्यात सीवाय-बॉक्स ११, टिक १५, वजन ५०. रोजचा वेळ तीन तासांवरून अर्ध्या तासाच्या आत. डोळे तसेच मिचकावतात. परीक्षेच्या आठवड्यात चौकट परत येते, एक हात लावून तो आत येतो.

पुढचं

औषधं चांगली स्थिती टिकल्यापासून निदान वर्षभर. उतरवताना आधी ॲरिपिप्राझोल, २ मिग्रॅ करून महिनाभर, मग बंद. त्यानंतर तीन महिने स्थिर गेल्यावर सर्ट्रालिन, दर एक-दोन महिन्यांनी २५ मिग्रॅने खाली. वार्षिक परीक्षा आणि शाळा बदलण्याचा जून टाळून. टिक साधारण दहा ते बारा वर्षांच्या सुमारास सर्वांत तीव्र असतात आणि पुष्कळ मुलांत किशोरवयात ओसरतात, मंत्रचळाबद्दल तसं गृहीत धरता येत नाही. म्हणून कपात चालू असताना नुसत्या टिक वाढल्या तर थांबायचं, दोन आठवडे पाहायचं, मात्रा वाढवायची नाही. विधींचा वेळ सलग दोन आठवडे रोज तासावर गेला किंवा आईला विचारणं पुन्हा सुरू झालं, तर आधीच्या मात्रेवर परत यायचं आणि दोन सत्रं लगेच लावायची, पहिलं चौकटीवर, व्हिडिओ कॉलवरून.